मोटार थंडी होईपर्यंत

"पाणी मोटारीले पायजे, मले नाई."

मूल-चांदा रस्त्यावरच्या कुठल्याही गावात, कुणाच्याही अंगणात उभे राहिले की मालक आधी हे सांगत. रामराम त्यानंतर. मागायची सवय त्यांना नव्हती. सरकारनं जमीनदारी मोडली तशी त्यांची मालगुजारी नुकतीच गेली होती, नोकरचाकर पांगले होते, ड्रायव्हर चांद्याला ट्रकवर लागला होता. मागे राहिली होती लढाईच्या आधी घेतलेली काळी मोटार. ती आता मालक स्वतःच चालवत. दर काही मैलांवर ती तापायची आणि तापली की कुणाच्या तरी दाराशी जावंच लागायचं.

मी त्यांच्या गावात शाळामास्तर होतो. बिऱ्हाड चांद्याला, म्हणून सुट्टी आली की त्यांच्या शेजारी बसून जायचो. माझ्याकडे काम एकच, रिकामी बादली मांडीवर सांभाळायची. जुन्या मोटारीतून तुम्ही कधी गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, अशा प्रवासात झाडं-डोंगर दिसत नाहीत. नजर सगळी पुढच्या रेडिएटरच्या टोपणावर. तिथून वाफेचा पहिला धागा कधी निघतो याची वाट बघायची.

त्या रेडिएटरची मालक फार बडदास्त ठेवत. विहिरीच्या पाण्यानं आत चुना धरतो म्हणून शक्यतो नाल्याचं पाणी, तेही धोतराच्या फडक्यातून गाळलेलं. रबरी नळी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून आवळलेली. जाळीतून पाणी झिरपायला लागलं की ते स्वयंपाकघरातली हळद कालवून आत ओतत. हळद भोकात जाऊन बसे आणि गळती काही दिवस थांबे. तेवढे दिवस मोटारीला वरणाचा वास येई. मालकीणबाई म्हणत, "घरच्या वरणात चिमूटभर, अन् हिले मुठीमुठीनं!"

"तापल्या इंजनात थंडं पाणी ओतू नाई, मास्तर. तडकते ते. बसा लागते." असं म्हणून ते झाडाखाली बसत, पान लावत आणि शिकारीच्या गोष्टी सुरू करत. गावातली माणसं भोवती जमत. इंजिन निवेपर्यंत ते पुन्हा पूर्वीचे मालक होत.

फक्त मोहटोल्यात ते थांबत नसत. त्या गावाच्या अलीकडे नाला होता. मोटार तापलेली असो-नसो, तिथे उतरून ती काठोकाठ भरायची, वर दोन डबे भरून मागे ठेवायचे आणि मग समोर बघत गाव पार करायचं. एकदा ऐन गावात तिनं शिट्टी धरली. वाफेनं काच आंधळी झाली. "मालक, थांबा," मी म्हणालो. "पुढं, पुढं," एवढंच ते म्हणाले. शिवेपलीकडे उतरले तेव्हा इंजिन उखळासारखं ठोकत होतं.

कारण मला आमच्या गावात कळलं. मालगुजारीच्या काळात एका पावसाळ्यात हीच मोटार चिखलात रुतली होती. ढकलायला माणसं बोलावली. तेव्हा बोलावलं की यायचं असे. बिसन नावाचा एक शेतकरी आला नाही. "माझं धानाचं रोवणं चालू हाये," असा त्यानं निरोप पाठवला. पुढे पावसानं ताण दिला, धान निसवायला आलं आणि सगळ्या गावाच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, मालकांच्या तलावाचं पाणी सुटलं. बिसनच्या बांध्यांना सुटलं नाही. तो दोनदा वाड्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला. मालक बाहेर आले नाहीत. उभं धान वाळून गेलं. बिसन बायकोच्या माहेरी मोहटोल्याला निघून गेला, आणि त्याचं घर होतं अगदी रस्त्यावर.

मग तो उन्हाळा आला. मालकीणबाईंच्या पोटात दुखायला लागलं, ते थांबेना. मोठा दवाखाना चांद्याला. त्यांना मागच्या बाकावर निजवून आम्ही निघालो. नाल्यात वाळू होती, पाणी नव्हतं. घरून भरून घेतलेल्या दोन डब्यांतला एक वाटेत संपला, दुसरा नाल्याशी रिता केला. मोहटोल्यात शिरलो आणि नळीची पट्टी सुटली. सगळं पाणी रस्त्यावर गेलं. मालकांनी तरीही अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही.

"पुढच्या गावात पाहू," ते म्हणाले.

मागून मालकीणबाईंचा आवाज आला, "इथीच थांबवा. तुमच्या लाजेपायी मले मारता का?"

मोटार थांबली. बिसन अंगणातच अंबाडीचा दोर वळत बसला होता. मालक उतरून अंगणाच्या काटक्यांच्या कुडापाशी गेले. मी त्यांच्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत होतो. ते आलं नाही.

"बिसन," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "बिसनभाऊ. पाणी."

बिसननं त्यांच्याकडे पाहिलं, मोटारीत पाहिलं आणि बायकोला हाक मारली. तिनं मालकीणबाईंना धरून पडवीत नेलं, ओलं फडकं कपाळावर ठेवलं. बिसन दोन घागरी घेऊन आला. मालकांनी तोवर नळी आवळली होती. आता ते हातातल्या पान्याकडे बघत म्हणाले, "आत्ताच नाई ओतता येत. थंडी होऊ द्या लागते."

"मंग बसा," बिसन म्हणाला आणि बाज सावलीत ओढून दिली.

मालक बाजेच्या काठावर बसले, कचेरीत बोलावणं आलेल्या माणसासारखे. पान लावलं नाही, शिकार काढली नाही. बिसन दोर वळत राहिला. यंदा मोहफूल कमी पडलं म्हणाला. मालकांनी मान हलवली. पडवीतून कण्हणं येत होतं. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी घागरीतल्या पाण्याकडे बघत होतो.

"बिसनभाऊ," मालक म्हणाले, "त्या साली तुमच्या बांध्याचं पाणी मी..."

"मोटार पाहा, मालक. थंडी झाली असन."

झाली नव्हती. बसल्या जागेवरून वाफ दिसत होती. तरी मालक उठले, टोपणाजवळ हात नेऊन परत आले आणि बसले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "माझ्या हातून तवा..."

बिसन उठला. "बैलाइले पाणी पाजून येतो," म्हणाला आणि घरामागे गेला. आम्ही निघेपर्यंत तो परत आला नाही. पाणी मीच ओतलं. मालक कुडाला धरून उभे होते, आणि इतका उंच माणूस मला त्या दिवशी लहान दिसला.

मालकीणबाई वाचल्या. ऑपरेशन झालं, पावसाच्या आधी घरी आल्या. पुढे मालक नाल्याशी थांबेनासे झाले. मोटार तशीच मोहटोल्यात आणायचे, तापलेली असो-नसो थांबवायचे, आणि बिसनच्या बाजेवर जाऊन बसायचे. बिसन त्यांना येताना बघून वावराकडे निघून जायचा. त्याची बायको पाण्याचा गडवा आणून ठेवी. मालक तो निमूट पिऊन टाकत. मग मोटारीत परतत. एकदा म्हणाले, "मास्तर, तवा मी घरातच होतो. खिडकीतून पाहून राह्यलो होतो त्याले."

मूलच्या बाजारात एकदा बिसन भेटला. मी त्याला म्हटलं, "एकदा बोलू द्या त्यांना. म्हातारा माणूस आहे."

त्यानं खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं. "गुर्जी, बोलले का ते मोकळे होतीन. घरी जाऊन झोपतीन. मले तं अजून त्या बांध्या दिसते. मी काऊन मोकळं करू त्याइले?"

"मग पाणी का देता?"

"पाणी कोनाले नाई म्हनत नसते," तो म्हणाला आणि पोतं उचलून गर्दीत गेला.

त्या हिवाळ्यात मोटारीचं इंजिन तडकलं. ती वाड्यामागच्या गोठ्यात गेली, तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. माझीही वरोऱ्याला बदली झाली. पेटी-वळकटी घेऊन मी मोटारबसनं निघालो. दुपार होती. मोहटोल्यात एक बाई उतरायची होती म्हणून बस थांबली आणि मी खिडकीतून बाहेर पाहिलं.

मालक बिसनच्या बाजेवर बसले होते. एवढ्या लांब पायी आले असावेत. वहाणा कुडाबाहेर काढलेल्या, पोटऱ्यांपर्यंत धूळ. समोर कुणी नव्हतं. दूर वावरात बिसन पाठमोरा बांध घालत होता. मी हाक मारणार होतो. पण बस सुटली, आणि त्यांनी काही मान वर केली नाही.