धापूनं आणलेली साक्ष

घण बायकोनं, धापूनं मारायचा आणि तापलेलं लोखंड नवऱ्यानं, भेरूनं सांडशीत धरायचं, ही गाडीलोहारांची रीतच. इंदूरच्या तुकोगंजातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. धापू म्हणे, "हंसो बाईजी, हंसो. झारा तो मुझसे ही बनवाओगी!"

बैलगाडी हेच नवरा-बायकोचं घर. हिवाळा इंदूरला, पावसाळा माळव्यातल्या कुठल्याशा गावाबाहेर. लेक दिली होती पार उमरकोटला, वाळवंटापलीकडे सिंधात. फाळणी झाल्याचं कानावर आलं होतं, पण रस्ता काही कुणी उचलून नेला नव्हता. लेकीच्या बाळंतपणाला भेरू एकटाच गेला, तिकडेच आजारी पडला, वर्षानं परतला. पाकिस्तानातून आलाय अशी कुणीतरी चुगली केली आणि त्याला ठाण्यात बसवलं.

ठाणेदार दुष्ट नव्हता, कंटाळलेला होता. "परमिट?" नाही. "शरणार्थी है, तो घर कहां छूटा?" घर नव्हतंच, सुटणार कुठून? निर्वासित म्हणवून घ्यायलाही आधी घर असावं लागतं. शेवटी तो धापूला म्हणाला, "कोई इज्जतदार आके कह दे कि ये सालभर यहीं था, तो छोड़ दूंगा. नहीं तो सरहद पार."

धापू धावली शशिकलाबाईंकडे. त्यांचे यजमान सरकारी कचेरीत, मोठ्या हुद्द्यावर. साक्ष द्यायला चला, एवढंच ती म्हणाली. एवढ्या शिकलेल्या बाईला काय बोलायचं ते का शिकवायचं? बाई नवं लुगडं नेसून टांग्यातून आल्या.

"यांना मी चांगली ओळखते हो. एकदम सच्ची माणसं."

"सालभर यहीं था?"

धापूनं त्यांच्याकडे डोळे फाडून पाहिलं.

"छे! उमरकोट गया था ना, लेकीच्या बाळंतपणाला. इनका कुछ छिपा हुआ नहीं!" बाई अभिमानानं म्हणाल्या.

ठाणेदारानं मान खाली घातली. दोन दिवसांत भेरूला सरहद्दीकडे रवाना केलं.

शशिकलाबाई रडत गाडीपाशी आल्या, तेव्हा धापू बैल जुंपत होती. सांडशी धरायला कुणी नाही, तर घण कशावर मारायचा?

"अगं, मागच्या अंगणात राहा आमच्या. कुठं निघालीस?"

"उमरकोट."

"परमिटशिवाय? धापू, पकडतील गं!"

धापूनं जू घट्ट आवळलं.

"किसी से कहना मत, बाईजी," ती म्हणाली. "पूछे तो भी मत कहना."