पूर्वेकडे तोंड केलेली छत्री

मोर्शीच्या पुढे, टेकडीच्या अगदी पोटात खुशालरावांचं गाव आहे. तिथे मोबाईलवर बोलायचं तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. अशा गावात खुशालरावांना लहानपणापासून रेडिओचं वेड. संत्र्याच्या बागेत कोणत्या झाडाखाली कोणतं केंद्र किती खरखरतं, हे त्यांना पाठ. त्यांच्या पत्नी मैनाबाई म्हणतात, "या मानसानं मले पाह्यलं नसंल तेवढं त्या डब्याले पाह्यलं."

आमच्या संत्रा उत्पादक संघाने भाव आणि हवामान सांगणारा स्वतःचा रेडिओ काढायचं ठरवलं, तेव्हा सर्वांत जास्त आनंद खुशालरावांनाच झाला. योजना दोन होत्या. पहिलीत टेकड्यांवर सात मनोरे: जागा, वीज, डिझेल, चौकीदार, आणि एवढं करून टेकडीआडच्या गावांत खरखरच. दुसरीत उपग्रह: त्याचं भाडं दरवर्षी, पण गावोगाव लहानशी छत्री लावली की आवाज सगळीकडे सारखा. तुलनेचा तक्ता मी केला होता. दहा वर्षांत उपग्रह निम्म्या खर्चात पडत होता. अध्यक्ष ओमप्रकाशजींनी तक्ता उलटा ठेवून एकच विचारलं, "उपग्रहावर कोनशिला कुठं बसवायची?"

मनोरे सात होते, संचालकही सात.

तरी खुशालरावांनी हट्ट धरून उपग्रहाची चाचणी आपल्या अंगणात घ्यायला लावली. आवाज आला तर उपग्रह, नाही तर मनोरे, असं ठरलं. आदल्या संध्याकाळी संघाचा तंत्रज्ञ नितेश छत्री दक्षिणेकडे रोखून, आवाज तपासून गेला.

सकाळी संचालक जीपमधून उतरले. छत्रीला हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढे फोडलेला नारळ. ओमप्रकाशजींनी बटण दाबलं. नुसती खरखर. नितेशने छत्रीकडे नीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तिचं तोंड पूर्वेला होतं.

"काका, काहून फिरवली?"

"पूजा होती बाप्पा. यमाच्या दिशेले तोंड करून पूजा करू काय?"

"घराघरावरच्या टीव्हीच्या छत्र्या तिकडंच पाह्यतात ना!"

"त्यायची पूजा कोनं केली?"

नितेश पुढे सरकला, तशा मैनाबाई आडव्या आल्या. "हात नोको लावू. स्थापना झाली. उद्या उत्तरपूजा झाली का मंग फिरवजो."

सगळे खुशालरावांकडे पाहू लागले. त्यांनी नुसती होकारार्थी मान हलवली असती तरी पुरे होतं. त्यांनी छत्रीकडे पाहिलं, टेकडीकडे पाहिलं, घाम पुसला आणि म्हणाले, "उद्याच्याले या ना साहेब."

"उद्या कुठं जमते? मले अकोल्यात सत्कार आहे." ओमप्रकाशजींनी अत्यंत दुःखी चेहऱ्याने दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या आणि अहवालावर सही केली. शेरा होता: उपग्रहाची ग्रहणक्षमता शून्य.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा करून नितेशने छत्री फिरवली. मृग बहाराच्या संत्र्यांचा भाव असा खणखणीत ऐकू आला, की मैनाबाईंनी आवाज कमी करायला सांगितला. दुपारी नितेश छत्री सोडवून घेऊन गेला.

आता सातही टेकड्यांवर मनोरे उभे आहेत, प्रत्येकाच्या पायथ्याशी संगमरवरी कोनशिला. गावात मात्र खरखरच, म्हणून खुशालराव रोज संध्याकाळी रेडिओ घेऊन गावामागची टेकडी चढतात. वर आवाज बरा येतो, फक्त एरियल दक्षिणेकडच्या मनोऱ्याकडे धरावी लागते. परवा मैनाबाईंनी त्यावर टोमणा मारलाच.

"एरियल तिकडं हाय," खुशालराव म्हणाले, "मी पूर्वेलेच तोंड करून बसतो."