जावेचं कार्ड

माझ्या पोटात जे दुखायचं ते कुठल्याच दवाखान्यात सापडलं नसतं. धाकटी जाऊ वेगळी होऊन समोरच्या गल्लीत राहायला गेली तेव्हापासूनचं ते दुखणं. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजातले डॉक्टर आमच्या गावात आले आणि ते फारच वाढलं.

गाव आमचं वसमत तालुक्यात, हट्टा गावाच्या अलीकडं, सगळं हळदीचं. डॉक्टरांनी ग्रामपंचायतीसमोर माणसं जमवली. बीपी असलेल्या माणसाच्या घरी दर महिन्याला सिस्टर गेली, तिनं मशीन लावलं, गोळ्या हातात दिल्या, तर बीपी जास्त आटोक्यात राहतं का, हे त्यांना तपासायचं होतं. म्हणून अर्ध्या गल्ल्यांना सिस्टर मिळणार, अर्ध्यांनी नेहमीसारखं उपकेंद्रात जायचं आणि शेवटी दोन्हींचं ताडून बघायचं. कुणाचा वशिला चालू नये म्हणून गल्ल्या चिठ्ठ्या टाकून ठरवणार. मी उभी राहून विचारलं, सगळ्यांनाच काहून देत न्हाई? डॉक्टर म्हणाले, एका वाफ्याला नवं खत घातलं आणि शेजारच्याला घातलं नाही, तरच खताचा गुण कळतो. शिवाय गुण आहे की नाही हे आम्हालाही अजून ठाऊक नाही. नको वाटलं तर कधीही नाव काढून घ्या, कोणी विचारणार नाही. उत्तर बराबर होतं. बीपी मला होतं तसं जावेलाही; दोघींनी सह्या केल्या.

चिठ्ठ्या निघाल्या. जावेच्या गल्लीला सिस्टर, आणि आम्ही बिनखताचा वाफा.

मग दर पहिल्या मंगळवारी माझ्या दारातून मला जावेचा ओटा दिसायचा. सिस्टर तिच्यासमोर मांडी घालून बसायची. जेवण जातं का, झोप लागते का, मीठ कमी केलं का, सगळं विचारायची. लग्नाला तीस वर्षं झाली, मला झोप लागते का असं कुणी एकदा तरी विचारलं असेल तर शपथ! आणि ही बाई मीठ कमी केल्याचं साऱ्या गल्लीला सांगत फिरायची, जसं काही हिनंच मीठ शोधून काढलं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिला ओट्यावर आणून देतात आणि मी रांगेत उभी राहू? मी उपकेंद्रात जायचंच सोडलं. गोळ्या संपल्या त्या संपल्या.

यंदा हळद शिजवायचे दिवस होते. मंगळवारी सकाळी जाऊ शेताकडं निघाली आणि सिस्टर दर महिन्याचं बीपी ज्यावर लिहायची ते कार्ड तिनं माझ्या हातात दिलं. सिस्टर आल्या तर त्यांना सांगा, मी उद्या घरीच आहे, एवढाच निरोप होता. मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले. आली ती नवीनच सिस्टर, नेहमीची रजेवर होती. तिनं हात पुढं केला, मी कार्ड दिलं. कार्डावर आडनाव आमचंच. तिनं "बसा मावशी" म्हणून माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि मी गुंडाळू दिला.

पट्टा फुगला, सैल झाला. तिनं पाच मिनिटं थांबून पुन्हा लावलं, मग तिसऱ्यांदा. तिचं तोंड उतरलं. "गोळ्या रोज घेता ना?" तिनं विचारलं.

"व्हय, रोज घेते," मी म्हणाले.

तिनं डॉक्टरांना फोन लावला. रोज गोळ्या घेऊनही एवढं बीपी, म्हणजे औषध कमी पडतंय, असं त्यांचं बोलणं झालं. रोजच्या गोळीसोबत आणखी एक गोळी लिहिली आणि पाकीट माझ्या हातात ठेवलं. जाताना ती म्हणाली, जपा मावशी. मला किती बरं वाटलं, काय सांगू. लाज पण वाटली, पण बरं जास्त वाटलं.

संध्याकाळी पाकीट जावेला दिलं. मला न बघताच कशी वाढवली, असं तिनं विचारलंच. मागचं लिहिलेलं बघून दिली असेल, मी म्हणाले. खरं सांगायचं तर तिच्या जागी बसले होते हे सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्याच्यानं होईना. तिनं त्या दिवसापासून दोन गोळ्या सुरू केल्या. औषधाच्या बाबतीत ती फार नेमाची.

आठव्या दिवशी हळदीच्या कढईजवळ वाकलेली ती उठायला गेली आणि भोवळ येऊन पडली. दोन हात पलीकडं पडली म्हणून वाचली, नाहीतर उकळत्या कढईतच गेली असती. कोपर फुटलं. जीपमध्ये घालून वसमतला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, बीपी पार खाली गेलंय, हिला एवढं औषध कुणी सांगितलं? माझे दीर खवळले. त्या सिस्टरला गावात पाय ठेवू देणार नाही, तिची नोकरी घालवतो, म्हणाले. तेवढ्यात फोन आला, कॉलेजचे डॉक्टर आणि तीच सिस्टर इकडंच येऊन राहिले आहेत.

मी दाराशी उभी होते. जावेच्या खाटेभोवती सगळं घर जमलेलं, कोणी पाय चेपतंय, कोणी पाणी पाजतंय, आणि मेल्या माझ्या मनाला तिथंही वाटलं, बघा, हिचंच कौतुक. दीर जीपवाल्याशी बोलायला बाहेर गेले, पोरी चहा आणायला गेल्या. आम्ही दोघीच उरलो. मी बोलले ते पश्चात्तापानं नाही. ती सिस्टर येऊन मला ओळखणार, म्हणून बोलले.

"तुझ्या ओट्यावर मी बसले होते. तो पट्टा माझ्या हाताला होता."

मला वाटलं, आता ही सगळं हॉस्पिटल गोळा करील. मी तेच केलं असतं.

"म्हंजे ते एवढं बीपी तुमचं हाय, अक्का?"

मी मान हलवली.

"आन आठ दिस झाले, तुमी गोळीच घेतली न्हाई?"

तिनं सलाईन नसलेल्या हातानं, त्या फुटल्या कोपराच्या हातानं, खाटेची कड धरली आणि थोडं उठून नर्सला हाक मारली. "बाई, माझं ऱ्हाऊ द्या. आधी ह्यांचं बघा."

नर्सनं मला स्टुलावर बसवलं, बाही वर केली आणि माझं नाव विचारलं. मी ते सांगितलं. जावेच्या जागी मी असते तर असं म्हणाले नसते, हे मला ठाऊक होतं, आणि पट्टा आवळत असताना मला त्यासाठीही तिचा हेवा वाटत होता.