बुचुमीची हरकत

बुचुमी म्हणजे दहावा. आमच्याकडे दहाव्या पोराला सरसकट हेच नाव ठेवतात. नऊ पोरं झाल्यावर त्याच्या आईनं नाव शोधायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत, असं करेंझो त्याला जन्मभर चिडवत आला. त्यावर बुचुमीचं उत्तर ठरलेलं असे, "तुझ्या आईनं कष्ट घेतले, त्याचं काय झालं ते सगळी टेकडी बघतेच आहे."

हे दोघं आमच्या कागोमा टेकडीचे, म्हणजे आमच्या गावाचे, पंच. तिसरा मिबुरो, कानानं अधू आणि झोपेचा पक्का. चौथा मी, शाळामास्तर. त्र्याण्णव सालीच मला पंच केलं होतं. माझ्या पंचपणाचं जेवण झालं त्या दिवशी बुचुमीनं, प्रत्येक पंचाला मिळते ती, न्यायाची काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मास्तर, ही जमिनीवर आपटायची असते, माणसांवर नाही. शाळेतली सवय घरी ठेवून येत जा."

आमची पद्धत अशी. उंबराखाली तक्रार ऐकायची, दोन्ही बाजूंना पोटभर बोलू द्यायचं, मग पंचांनी उठून बाजूच्या केळीच्या बागेत विचार करायला जायचं. तिथे सगळ्यात धाकट्यानं आधी बोलायचं, म्हणजे थोरांच्या शब्दाचं दडपण त्याच्यावर येत नाही. मग एकेक करत सगळ्यांनी 'हरकत नाही' म्हणायचं. एकाची जरी हरकत असली तरी निवाडा नाही. पंच बागेत असेपर्यंत बाहेरच्या कुणी आवाज चढवायचा नाही, हात उगारायचा नाही. पिढ्यान्पिढ्या हे असंच चालत आलं आहे.

बुचुमीला घाई फार. निवाडा तो घरून निघतानाच मनात करून यायचा. आणि करेंझोचं कायम काहीतरी आडवं. कोंबडीचा तंटा असला तरी हा विचारणार, कोंबडी कुणाच्या बाजूला तोंड करून उभी होती? बुचुमी डोक्याला हात लावायचा. "अरे, तुला हरकत आहे की हौस आहे?" करेंझो शांतपणे तंबाखू मळत बसायचा. बांधाला बांध लागून दोघांची जमीन, करेंझोच्या गाई बुचुमीच्या घेवड्यात, आणि संध्याकाळी त्याच गाईंचं दूध बुचुमीच्या नातवंडांना. तीस वर्षं हेच चाललेलं.

बुचुमी हुतू आणि करेंझो तुत्सी, आमच्या देशातल्या दोन जमाती. हे इथे सांगावं लागतं आहे, कारण त्र्याण्णव सालच्या ऑक्टोबरात लोकांना दुसरं काही सुचेनासं झालं. राजधानीत तुत्सी सैनिकांनी हुतू राष्ट्राध्यक्षांना मारलं. रेडिओ गप्प झाला. दुसऱ्या दिवशी रस्ते अडवायला निलगिरीची झाडं आडवी पाडली गेली आणि पलीकडच्या टेकडीवरून धूर दिसायला लागला. मीही हुतूच. त्या आठवड्यात आमच्या बाजूच्या लोकांनी काय केलं आणि मग सैन्यानं आमच्या लोकांचं काय केलं, ते दोन्ही मी पाहिलं आहे. एकाची बेरीज दुसऱ्यातून वजा करणारी माणसं मला अजून भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, उठून जातो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले. शंभरावर असतील. हातात कोयते, भाले, दांडकी. पुढे नियोंगाबो. सायकलवर केळीचे घड लादून बाजारात नेणारा पोरगा, बुचुमीच्या बायकोचा सख्खा भाचा. आमच्या टेकडीवर तुत्सींची एकोणीस घरं. ती सगळी माणसं आदल्या रात्रीपासून बुचुमीच्या आवारात होती.

बुचुमी कुंपणाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. "काय रे, आज सायकल नाही आणलीस?"

"काका, बाजूला हो," नियोंगाबो म्हणाला. "आम्हाला करेंझो पाहिजे. तो एक द्या, बाकीच्यांना हात लावणार नाही. नाही दिलात तर सगळ्यांना घेऊ, आणि लपवणाऱ्यांची घरंही पेटवू."

"करेंझोनं काय केलं?"

"काय केलं काय? त्यांनी आमचा राष्ट्राध्यक्ष मारला."

"करेंझोनं मारला? तो तर परवा दिवसभर माझ्याशी भांडत होता." मग बुचुमीनं काठी जमिनीवर आपटली. "तक्रार आहे ना? मग उंबराखाली चला. हत्यारं इकडे या भिंतीला लावा. मोकळ्या हातानं बसा आणि एकेकानं बोला."

मला वाटलं, आता याचं डोकं फुटणार. पण ती पोरं याच काठीच्या आवाजात वाढलेली. एक बसला, मग दोन बसले. शिव्या देत का होईना, सगळे बसले. कोयते भिंतीला लागले. मग बोलणं सुरू झालं. एकानं राष्ट्राध्यक्षाबद्दल सांगितलं, एकानं बहात्तर सालात सैन्यानं मारलेल्या बापाबद्दल सांगितलं, आणि ते खरं होतं, ते ऐकताना बुचुमीनं मान खाली घातली. तास दोन तास गेले. मग बुचुमी उठला आणि म्हणाला, "पंच विचाराला जातात. चौघेही."

"चौघे?" नियोंगाबो उसळला. "करेंझोपण?"

"तो पंच आहे की नाही?"

"पण काका, तक्रार त्याच्यावरच आहे."

"मग त्याच्याइतकी माहिती कुणाला असणार?" असं म्हणून बुचुमीनं आवारातून करेंझोला हाताला धरून बाहेर काढलं आणि शंभर माणसांसमोरून त्याला बागेत नेलं.

आता मी जे सांगणार आहे ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बागेत आम्ही केळीच्या पानांवर बसलो. पद्धतीप्रमाणे धाकट्यानं आधी बोलायचं. धाकटा मी. घरी बायको आणि दोन जुळ्या मुली होत्या, आणि माझं घर गवतानं शाकारलेलं होतं. मी म्हणालो, "एक माणूस गेला तर एकोणीस घरं वाचतात. माझी हरकत नाही."

करेंझो माझ्या समोरच बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. मिबुरोच्या कानात ओरडून विचारावं लागलं. तो रडायला लागला आणि रडतच म्हणाला, "तुम्ही म्हणाल ते." मग करेंझोची पाळी आली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काही आडवं काढलं नाही. "मास्तर बरोबर बोलतो," तो म्हणाला. "माझं वय झालं आहे. मला देऊन टाका आणि उरलेल्यांना सांभाळा. हरकत नाही."

सगळे बुचुमीकडे बघायला लागले. तो पायाचा काटा काढत बसला होता. काटा निघाल्यावर म्हणाला, "माझी आहे."

"काय आहे?"

"हरकत."

करेंझो वैतागला. "अरे, माझा जीव जातोय, मला चालतंय, आणि तुला काय झालं?"

"तीस वर्षं तू मला छळलंस. आज माझी पाळी आहे." मग त्यानं आवाज उतरवला. "मास्तर, तू हिशेबाचा माणूस. आज एक दिला तर ते उद्या दुसरा मागणार नाहीत, हे तुला कुणी सांगितलं? एकदा द्यायची सवय लागली की आपण काय करणार? घरं मोजून देत बसणार? आणि खोटं कशाला बोलू. तुमचं सगळ्यांचं म्हणणं शहाणपणाचं असलं, तरी हा मेल्यावर मी कुणाशी भांडू?"

करेंझोनं वाद घालून पाहिला. दोघांत असं काही जुंपलं, की गाई, बांध, घेवडा, एकसष्ट सालातली एक उसनी कुदळ, सगळं बाहेर निघालं. ऊन चढलं, कललं. मी सारखा उठून झाडांच्या फटीतून उंबराकडे बघत होतो. खरं सांगतो, मला बुचुमीचा रागच आला होता.

बाहेर शंभर माणसं उपाशी बसली होती. दुपारी बुचुमीची बायको, न्दाबानेझे वहिनी, ज्वारीच्या बिअरचं मोठं मडकं घेऊन उंबराखाली आली. दुसऱ्या बाजूनं मडक्याला हात होता करेंझोच्या बायकोचा. मडकं मधे ठेवून दोघींनी त्यात वेताच्या नळ्या खोचल्या. विष नाही हे दाखवायला आणणाऱ्यानं आधी प्यायचं, म्हणून दोघी वाकून आधी प्यायल्या. मग वहिनी भाच्याला म्हणाल्या, "काय रे, मावशीच्या हातचं नको झालं का?"

एका मडक्यातून प्यायल्यावर त्या मडक्यावरच्या माणसाला किंवा त्याच्या घरच्याला मारता येत नाही, हे नियोंगाबोला चांगलं ठाऊक होतं. तो बराच वेळ तोंड फिरवून बसला. पण पहाटेपासून पोटात काही नव्हतं, आणि मागचे लोक एव्हाना ओठ चाटत होते. शेवटी तो वाकला. वहिनी मला पुढे म्हणाल्या, "त्याच्या गळ्याखाली पहिला घोट उतरला तेव्हाच मी मडक्यावरचा हात काढला."

ऊन उतरल्यावर बुचुमी आम्हाला घेऊन बाहेर आला. काठी आपटली. "पंचांचं एकमत झालं नाही. एकाची हरकत आहे. पुढच्या बुधवारी परत बसू."

"हरकत कुणाची? करेंझोचीच ना?" कुणीतरी ओरडलं.

"करेंझोची नाही. त्याची कधी नव्हे ती आज नव्हती," बुचुमी म्हणाला, आणि काही माणसं चक्क हसली. मग ती उठली, भिंतीचे कोयते घेतले आणि कुरकुरत उतारावरून गेली. माझ्या एका शब्दानं माणूस मरणार होता, आणि तो समोर उभा राहून कपड्यांवरची माती झटकत होता.

बुधवार आला, पण ते आले नाहीत. त्याआधी सोमवारी सैन्य आलं. आता आमची पाळी होती. माझ्यासकट सगळे हुतू पुरुष दलदलीकडे पळायच्या तयारीत होते. करेंझो काठी घेऊन एकटा रस्त्यावर उतरला आणि लेफ्टनंटच्या जीपसमोर उभा राहिला.

"या टेकडीवर किती मेले?" लेफ्टनंटनं विचारलं.

"कुणी नाही. मी मरणार होतो, पण आमचा एक पंच फार हट्टी आहे."

लेफ्टनंटला ते पटेना. त्यानं एकोणीस घरं फिरून माणसं पाहिली. सगळी होती. करेंझो त्याच्या मागे मागे सगळीकडे फिरला, आणि दर हुतू घरासमोर उभा राहून "हा माझा माणूस" म्हणत राहिला. माझ्या घरासमोरही म्हणाला. जीप गेली तेव्हा टेकडीवरची बायामाणसं मोठ्यानं रडली, सुटल्यासारखी.

लढाई पुढे बारा वर्षं चालली. कितीदा ती आमच्या पायथ्यापर्यंत आली. दर वेळी हे दोघं उंबराखाली बसायचे आणि ठरवायचे, कुणाला कुठे लपवायचं, कुणाशी कोण बोलायचं. नियोंगाबो दुसऱ्या वर्षी मडकं घेऊन माफी मागायला आला. करेंझोनं त्याला आधी प्यायला लावलं, आणि पुन्हा एकदा प्यायला लावलं. मला मात्र करेंझोनं कधी सोडलं नाही. चार माणसांत मी आलो की म्हणायचा, "सरका रे, माझा मारेकरी आला. त्याला बसायला स्टूल द्या." लोक हसायचे, मीही हसायचो. पण रात्री झोपताना तो शब्द आठवायचा. एकदा मी त्याच्या पाया पडून म्हणालो, "माफ कर." तो म्हणाला, "मास्तर, तू भ्याला होतास. मीपण भ्यालो होतो. न भ्यालेला एकच होता, आणि त्याला तेवढी अक्कल नव्हती म्हणून."

शांतता होऊन दोन वर्षं झाली आणि करेंझो गेला. म्हाताऱ्या माणसाचा खोकला, स्वतःचं अंथरूण, भोवती चौदा नातवंडं. सुतक संपलं त्या दिवशी सगळी टेकडी त्याच्या अंगणात जमली. बुचुमीला उभं राहायला दोघांचा आधार लागत होता. त्यानं काठी आपटली, आणि म्हणाला, "चौदा वर्षांपूर्वी एक तक्रार आली होती, ती तशीच राहिली आहे. आज करेंझो गेला आहे. म्हातारा होऊन गेला. पंचांनी बोलावं. धाकट्यानं आधी."

धाकटा मीच. मी उठलो. बागेतले ते दोन शब्द पुन्हा उच्चारले.

"हरकत नाही."

मिबुरो आधीच गेला होता. बुचुमीनं खाली बघत बराच वेळ घेतला. त्याला इतका वेळ घेताना मी एकदाच पाहिलं होतं. मग तो म्हणाला, "माझीही नाही," आणि लहान पोरासारखा रडला.