मालिशवालीचा पास

कोरोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात प्रवासाच्या पाससाठी मी तालुक्याच्या कचेरीबाहेर रांगेत उभा होतो. माझ्यापुढे राजूरकडची एक पन्नाशीची बाई होती. बोलताना ती अंगठ्याने स्वतःचीच बोटं चोळत राहायची. लकवा झालेल्यांच्या घरी जाऊन मालिश करणं हे तिचं काम, आणि तेच बंद पडलं होतं.

"पार्लर, मालिश सगळं बंद आहे, बाई. आदेशच तसा आहे," खिडकीतले साहेब म्हणाले.

"ते दुकानातलं, साहेब. मी ज्याला चोळते, त्यो म्हातारा त्याच्या घरात बसून हाय. मी जायची थांबले, तर त्याची बोटं परत वळाय लागली. तोंड बांधते, सांगाल ते करते. पन हात बांधू नका."

साहेब नकारार्थी मान हलवत होते, तेवढ्यात फाटकातल्या रिक्षातून एक म्हातारा उतरला. काठी टेकत, पाय ओढत तो एकटाच खिडकीपर्यंत आला.

"दिवाळीला मी खाटंवर हुतो, साहेब. डॉक्टरनं जीव वाचवला, हिनं चालाय लावलं. आता ह्यो हात तेवढा राह्यलाय."

साहेब आत वरिष्ठांकडे गेले आणि पासवर शिक्का मारूनच बाहेर आले. मास्क लावून आजाऱ्याच्या घरी जायची परवानगी मिळाली होती. अख्ख्या रांगेनं टाळ्या वाजवल्या.

म्हाताऱ्याला आधार द्यायला मी पुढे झालो, तर तिनं मला अडवलं. "ऱ्हाऊ द्या, दादा. आला तसा जाईल."

तो निघाला. ती मान ताठ ठेवून मागून चालली, आणि तो रिक्षात बसेपर्यंत तिनं त्याला एकदाही हात लावला नाही.