गुप्तेसाहेब आणि झेब्रा मासे

आमच्या लॅबमध्ये किश्शांना तोटा नाही. एक सांगायला घ्यावा, तर चहा संपेपर्यंत चार निघतात!

लॅब विचुंब्याला. तळोज्याच्या कंपन्या नवीन केमिकल आमच्याकडे पाठवतात आणि ते पाण्यात गेलं तर मासे जगतात की मरतात, हे आम्ही बघतो. काचेच्या टाक्या, प्रत्येकीत केमिकलचं वेगळं प्रमाण आणि बोटाच्या पेराएवढे पट्टेरी झेब्रा मासे. एका टाकीत मात्र नुसतं स्वच्छ पाणी. तिला आम्ही ‘कंट्रोल’ म्हणतो.

एवढं समजावूनही सासूबाई सोसायटीत सांगतात, "सूनबाई माशांच्या लाइनमध्ये आहे."

परवा वरच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. "सुरमई स्वस्तात मिळेल का गं?"

*

माशांशिवाय आम्ही डॅफ्नियाही पाळतो. टाचणीच्या डोक्याएवढा पाण्यातला जीव. त्याला पाण्यातली पिसू म्हणतात. माझ्या लेकीने वर्गात अभिमानाने सांगितलं, "माझी आई पिसवा पाळते!"

संध्याकाळी टीचरचा फोन. "मॅडम, घरी पेस्ट कंट्रोल करून घ्या प्लीज. तोवर तिला वेगळं बसवलंय."

*

गुप्तेसाहेब एका केमिकल कंपनीचे मॅनेजर. मशीनवरचं ग्रीस धुवायचं नवीन केमिकल घेऊन आले. "टेस्ट म्हणजे फॉर्मॅलिटी हो. पाण्यासारखं सेफ आहे!"

सकाळी टेस्ट लावली. दुपारी डबे उघडायच्या आत सगळ्यात कमी केमिकल असलेल्या टाकीतलेसुद्धा मासे उलटे तरंगत होते.

गुप्तेसाहेब धावत आले. "तुमचे मासेच आजारी असणार!"

आमच्या हेड शुभदा मॅडम त्यांना कंट्रोलच्या टाकीपाशी घेऊन गेल्या. आतले मासे मजेत सुळसुळत होते.

"हे त्यांचेच सख्खे भाऊ. तब्येत बघा!"

"रिपोर्टमध्ये जरा ॲडजस्ट..."

"माशांना विचारा. ते उठून पोहायला लागले, तर लगेच ॲडजस्ट करते."

माझा सहकारी प्रमोद खाडीकाठच्या गव्हाणचा. त्याचे काका अजून खाडीत जाळं टाकतात. तो एरवी क्लायंटसमोर तोंड उघडत नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाला, "साहेब, ह्ये धुतलेलं पानी शेवटी आमच्या काकांच्याच खाडीत येनार हाय."

गुप्तेसाहेब सॅम्पल उचलून गेले. मॅडम रिपोर्टवर सही करून म्हणाल्या, "चला, एक क्लायंट गेला!"

*

पण गेला नव्हता! काही महिन्यांनी गुप्तेसाहेब फॉर्म्युला बदलून परत आले. आम्ही चार दिवसांची टेस्ट लावली. तिसऱ्या संध्याकाळी लाइट गेली. इन्व्हर्टरनेही मान टाकली. टाक्यांना हवा देणारे पंप बंद! कंट्रोलमधले मासे गुदमरून मेले असते, तर अख्खी टेस्ट बाद.

शेजारच्या मैदानात हळद होती. डीजे दणाणत होता, म्हणजे जनरेटर होता. प्रमोद एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन मांडवात घुसला आणि थेट नवऱ्या मुलाच्या मामाला भिडला. "मामा, आमचे मासे मराला टेकलेत. हवा पायजे!"

वायर जोडायला जनरेटर बंद करावा लागणार होता. मामा जागेवरूनच ओरडले, "डीजे थांबव रे! शेजारचे मासे घाबरे झालेत!"

वायर खिडकीतून आत आली, पंप सुरू झाले, टाक्यांत बुडबुडे उठले. आम्ही टाळ्या पिटल्या! मागोमाग हळदीने माखलेला नवरा आणि अर्धं वऱ्हाड मासे बघायला आत आलं. एक आजी चष्मा सावरून टाकीत डोकावल्या.

"एवरेशेच? याचं तं कालवण पन नाय व्हनार!"

*

चौथ्या दिवशी निकाल. गुप्तेसाहेब दारातच उभे. मॅडमनी एकेक टाकी तपासली. सगळ्यात जास्त केमिकल असलेल्या टाकीतही मासे जिवंत आणि चपळ!

"एकही मेला नाही, गुप्ते. आता म्हणा सेफ!"

गुप्तेसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी प्रमोदला घट्ट मिठी मारली. "तुमच्या काकांना सांगा, आता बिनधास्त जाळं टाका!" प्रमोदने तिथूनच काकांना फोन लावला. मग गुप्तेसाहेबांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला. आधी मॅडम, मग प्रमोद, मग मी. शेवटचा पेढा हातात घेऊन गुप्तेसाहेब टाकीकडे वळले. "खरे मानकरी तर हे!" म्हणत त्यांनी पेढा कुस्करून पाण्यावर हात धरला.

मॅडम जिवाच्या आकांताने ओरडल्या, "गुप्ते, थांबा! पेढ्याची टेस्ट झालेली नाही!"