कॅरिअर काढलेली सायकल

वसंता गेल्याचे मला फोनने कळवले. आमच्या सायकल क्लबच्या ग्रुपवर सकाळीच त्याचा फोटो पडला. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात पदक, अंगठा वर. खाली लिहिले होते, ‘आपले फिनिशर काका अनंताच्या राइडला निघाले.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली, आणि त्या हातांच्या मधूनच एकाने विचारले की रविवारची राइड आहे की रद्द. दुसऱ्याने लगेच कळवले की आहे, पण काळी फीत लावून. मी शेगावात वसंताच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहतो. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. तो रात्री जेवून झोपला तो उठलाच नाही, हे मला अनंताच्या राइडमधून कळावे... मी चपला शोधत होतो आणि त्या माझ्या पायातच होत्या.

या क्लबची ओळख करून द्यायला हवी. गावातल्या ज्या खात्यापित्या माणसांना पहाटे करण्यासारखे काही उरलेले नाही, त्यांचा हा जमाव. एकेकाची सायकल शेजाऱ्याच्या मोटारसायकलीहून महाग. चड्डीच्या बुडाला गादी शिवलेली. बायपासवर फेऱ्या मारायच्या, घाम वाळायच्या आत त्याचा फोटो काढायचा, तो ग्रुपवर चढवायचा आणि मग स्टेशनजवळ गरम कचोरीवर तुटून पडायचे. फोनमधले किलोमीटर मोजणारे यंत्र चालू करायला विसरलेला एक गृहस्थ अर्ध्या वाटेवरून परत आला आणि घरापासून पुन्हा निघाला, हे मी स्वतः पाहिले आहे. पाय चालले होते, पण ते कोणाला दिसले नव्हते ना! या जमावाचा अध्यक्ष मी आहे. निवृत्त प्राध्यापक, वयाने मोठा, कधीही भाषणाला तयार. तेव्हा मी या सगळ्यावर लांब उभा राहून थुंकतो आहे असे कोणी समजू नये. थुंकी माझ्याच सदऱ्यावर पडते आहे.

आमच्याकडे एक पद्धत आहे. वर्षाच्या पहिल्या सकाळी बायपासवरच्या ढाब्यावर सगळे जमतात आणि एकेक जण उभा राहून येत्या वर्षाचा संकल्प जाहीर करतो. संकल्प आकड्यात सांगायचा. इतके किलोमीटर, इतके घाट, एका दिवसात इतके अंतर. आकडा नसलेला संकल्प धरला जात नाही, आणि एकदा जाहीर झालेला आकडा वर्षभर बदलता येत नाही. हा नियम माझा. मोठ्या अभिमानाने केला होता. एका वर्षी एक बिचारा उठला आणि म्हणाला की मी यंदा जरा जास्त आनंदाने सायकल चालवीन. त्याला आम्ही बसेपर्यंत छळले. दुसराही एक नियम माझाच. क्लबच्या राइडला येणाऱ्या सायकलीला कॅरिअर, स्टँड आणि मडगार्ड नको. कारण विचाराल तर फोटो. ओळीत उभ्या केलेल्या सायकलींमध्ये एखादी दूधवाल्यासारखी दिसू नये, एवढेच कारण.

वसंताचे बाजारपेठेत कापडाचे दुकान होते. पुढे ते मुलाने घेतले आणि वसंता मोकळा झाला. मीच त्याला क्लबमध्ये ओढले. तो जन्मभर एकाच जुन्या काळ्या सायकलीवर फिरलेला माणूस, त्यामुळे त्याला दम कधी लागलाच नाही. लागायची ती दुसरी भीती. वसंता माणसांच्या हसण्याला भ्यायचा. शाळेत कोणी हसले तर तो पुन्हा त्या फळ्यापाशी जायचा नाही. दुकानात गिऱ्हाईक एखाद्या रंगाला हसले की ते कापडाचे ठाण मागच्या फळीवर जाई आणि तिथेच कसरीच्या तोंडी पडे.

त्याचे लग्न झाले तेव्हाची गोष्ट. सुमनवहिनींचे माहेर वरवट बकालचे. लग्नानंतर त्या पहिल्यांदा माहेरी गेल्या आणि त्यांना आणायला वसंता निघाला. सोबत मी. दोघे दोन सायकलींवर, पूर्णेचा पूल ओलांडून. त्याने कॅरिअरवर नवी गोधडी घडी करून दोरीने बांधली होती. परत निघताना वहिनी नवी साडी नेसून दारात उभ्या, गल्लीत बाया-पोरे गोळा झालेली. वसंताने मला बाजूला घेतले.

“बसवू का बे मांगं?”

त्याच्या तोंडावर सगळे लिहिलेले होते. मी मात्र गल्लीकडे पाहिले आणि म्हणालो, “लोकं हासतीन.”

झाले. वहिनींना आम्ही एसटीत बसवून दिले. गोधडी त्यांच्या मांडीवर. आणि नवरदेव व त्याचा शहाणा मित्र त्या गाडीच्या धुळीत मागून सायकल मारत शेगावला आले. वाटेत वसंता सारखा मागे पडत होता. मला वाटले, दमला.

यानंतर कितीतरी वर्षे हा विषय निघाला नाही. मी विसरलो होतो. तो विसरला नव्हता, हे मला याच वर्षाच्या पहिल्या तारखेला कळले. ढाब्यावर शेकोटी होती. आमचे सचिव, जे दातांचे डॉक्टर आहेत, त्यांनी आपला भलामोठा आकडा सांगून टाळ्या घेतल्या होत्या. मग वसंता उठला. हातमोजे काढून खिशात घातले. म्हणाला, “मी यंदा वरवटले जाईन. एकडाव. मंडळीले मांगं बसवून.”

क्षणभर कोणाला कळलेच नाही. मग एक फिसकला, आणि मग ढाबा दणाणला. किती किलोमीटर होतात, विचारा. वहिनींचे वजन धरायचे की नाही, विचारा. अशा वेळी सगळ्यांना अध्यक्षाकडे पाहायची सवय. मी काय करावे? मी म्हणालो, “वसंता, ओव्हरलोडचा दंड भरावा लागीन बे. आन् थे कॅरिअर तं आपल्या नियमात बसत नाही.” पुन्हा हशा. तोही हसला. त्याचे ते हसणे मी ओळखायला हवे होते. मग सगळे ‘आकडा, आकडा’ म्हणून ओरडायला लागले, आणि तो काही बोलेना म्हणून मीच त्याच्या खांद्यावर हात टाकून जाहीर केले की वसंतराव इंगळे यंदा दोन हजार किलोमीटर पुरे करतील. टाळ्या. तो खाली बसला.

येथे नोंदवतो, कारण नोंदवण्यासाठीच हा लेख आहे. तो आकडा त्याचा नव्हता, माझा होता. त्याने जे मागितले ते किलोमीटरमध्ये मोजण्यासारखे नव्हते, आणि आम्ही, गावातले शिकलेसवरलेले, पदव्यांनी आणि पेन्शनींनी भरलेले लोक, आम्हाला मोजता न येणारी गोष्ट समोर आली की आम्ही फक्त हसू शकतो.

दुसऱ्या रविवारी वसंता राइडला आला तेव्हा त्याच्या सायकलीला कॅरिअर नव्हते. स्टँड नव्हता, मडगार्ड नव्हते. जन्मभराची ती काळी सायकल कातडी सोलल्यासारखी दिसत होती. सचिवांनी तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, ‘काकांचा मेकओव्हर’. मी अंगठा वर केला.

वर्ष सरायच्या आत त्याने आकडा पुरा केला. कसा केला ते मी पाहिले आहे. तो लांब कुठे गेलाच नाही. बायपासच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत. घाण्याचा बैल निदान तेल तरी काढतो. एका सकाळी मी दूध घेऊन परतत होतो तेव्हा तो उलट्या दिशेने आला. थांबवले. पावसाळ्यानंतरचे दिवस, दोन्ही बाजूला कपाशी फुटायला लागलेली.

“कुठी चालला बे?” मी विचारले.

“कुठीच नाही,” तो म्हणाला. “पुरे करून राह्यलो.”

आणि गेला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी बचावलो असतो, काहीतरी उलट बोललो असतो. मी त्याला तेव्हा हाक मारून म्हणू शकत होतो की मरू दे तो आकडा, चल, कॅरिअर लावू. वरवटचा रस्ता तिथून समोरच फुटतो. पण ग्रुपवर त्याचा आलेख चढत होता आणि त्यात मला क्लबचे यश दिसत होते. मी दूध घेऊन घरी आलो.

पदक त्याला दिवाळीनंतर दिले. पत्र्याचे, पण सोनेरी. ग्रुपवर पडलेला तो फोटो तेव्हाचाच. नंतर काही दिवसांतच तो गेला. मग शोकसभा झाली. सचिव म्हणाले की काकांनी ध्येय पूर्ण करूनच देह ठेवला. एक जण म्हणाला की दोन हजार किलोमीटर हा त्यांचा ध्यास होता. ध्यास! शेवटी मी बोललो. मी सगळ्यात सुंदर बोललो. मी म्हणालो की वसंताने आम्हाला संकल्प म्हणजे काय ते शिकवले. लोकांनी डोळे पुसले. त्या रात्री मला झोप आली, हेही लिहून ठेवतो. लाज पुढे आली, हप्त्याहप्त्याने.

आता नवे वर्ष येते आहे. क्लबने ठरवले आहे की यंदा प्रत्येकाने वसंतरावांचा आकडा आपला संकल्प म्हणून घ्यावा. त्याचे टीशर्ट छापायला गेले आहेत. छातीवर वसंताचे चित्र, पाठीवर दोन हजार. आणि पहिल्या तारखेला हिरवा झेंडा दाखवायला सुमनवहिनींना आणायचे. हे निमंत्रण द्यायला अर्थातच मला पाठवले.

वहिनी मागच्या ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. मी झेंड्याचे सांगितले. त्यांनी मान वर न करता ऐकले. म्हणाल्या, “थे पदक घेऊन जा भाऊजी. नातू त्याच्यात तोंड पाहून वाकुल्या दावते.” मग विचारले की यांना एवढे वेड कशाचे लागले होते, रोज पहाटे उठून कुठे जात होते. मला सांगितले नाही त्यांनी काही... तुम्हाला तर माहीत असेल, म्हणाल्या.

तेव्हा मी सांगितले. ढाबा, वरवट, कॅरिअर, माझा विनोद, माझा आकडा. गल्लीत मी काय म्हणालो होतो तेही. सांगताना मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो, सुपाकडे पाहत होतो. वसंताने घरी यातला एक शब्दही काढला नव्हता. आम्ही हसल्यावर ते ठाण मागच्या फळीवर गेले ते गेलेच. माझे बोलणे संपले तरी त्यांचा हात चालूच होता. खडा उचलायचा, बाजूला टाकायचा.

“मी बसलीच नसती,” त्या म्हणाल्या. “या वयात हाडं मोडून घ्याचे होते का मले? आन् त्याहीले तं सोबत कोनी बोललं का हँडल सोडून पाह्याची खोड.”

मला, खरे सांगतो, सुटल्यासारखे झाले. म्हणजे तसेही काही होणार नव्हतेच, असे मनात आलेसुद्धा. माणूस किती खालच्या दर्जाचा असू शकतो याचा अंदाज मला सत्तरीनंतर आला.

त्यांनी सूप खाली ठेवले.

“पन भाऊजी, त्याहीनं इचारलं तं असतं. मले ‘नाही’ म्हन्याले तरी भेटलं असतं.”

झेंडा तुम्हीच दाखवा, असे त्या म्हणाल्या. मी दाखवणार नाही, आणि अध्यक्षही राहणार नाही, पण त्याने काय होते? यंदाचा संकल्प म्हणून पाठीवर जो आकडा घालून माझे मित्र बायपासवर फिरणार आहेत तो वसंताचा नाही, एवढे त्यांना कळावे म्हणून हे छापायला देतो आहे. ते वाचतील, ग्रुपवर दोन दिवस रुसतील, आणि मग कचोरी खायला जातील. मी त्यांना ओळखतो. त्यांच्यातलाच आहे.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. दाराची आतली कडी मी सरकवली तर तिचा आवाजच झाला नाही. पाहिले, तर कडीच्या लोखंडाला कापडाची पट्टी घट्ट गुंडाळलेली, दुकानातल्या पॉपलीनची, कड नीट आत दुमडून शिवलेली. पहाटे जाताना आपली झोप मोडू नये म्हणून वसंताने ती बांधली होती, असे वहिनी म्हणाल्या. सूनबाईने परवा सोडायला घेतली, तर त्यांनी सोडू दिली नाही.

“मी तं जागीच राहो रोज,” त्या म्हणाल्या, आणि दार आतून लागले. कडी सरकली ती मला ऐकू आली नाही.